खांदा का दुखतोय?



गेले दोन महिने हे सदर आलं नाही. संपादकांनी 'लेखक प्रवासात असल्याने' अशी एक ओळ छापून माझी अब्रू राखली. पण आपल्या मंडळात अशी ओळ किती दिवस टिकणार? रामबागेत भाजी घेताना आईला एका काकूंनी विचारलं, "मुलगा बर्फात पाय मोडून आलाय म्हणे?" दुसऱ्या दिवशी बाबांना कोणीतरी बाइकचा अपघात कसा झाला ते विचारलं. आजीच्या भजनी मंडळात तर माझं अपेंडिक्स काढून झालं होतं.

म्हणून आता मीच सांगतो. पाय शाबूत आहे. बाइक घरीच होती. अपेंडिक्स जागेवर आहे. नाही ती पाणथरी. हा शब्द मलाही माहीत नव्हता. श्रीनगरच्या डॉक्टरांनी 'स्प्लीन' म्हटलं, नर्सने 'तिल्ली' म्हटलं, आणि चार दिवसांनी फोनवर आजी म्हणाली, "अरे देवा, म्हणजे पाणथरी गेली पोराची!" ज्या अवयवाचा मी सत्तावीस वर्षांत एकदाही विचार केला नव्हता, त्याची तीन नावं मला एकाच आठवड्यात कळली.

या सदरात मी जानापावच्या टेकडीबद्दल लिहिलंय, पाताळपाणीबद्दल लिहिलंय, मांडूच्या पावसाळ्याबद्दल तर दोनदा लिहिलंय. गुलमर्गबद्दल लिहिलं नव्हतं, कारण मी तिथे होतो हे घरी कोणाला माहीतच नव्हतं. गोष्ट तिथूनच सुरू होते.

मागच्या वर्षी मी पहिल्यांदा गुलमर्गला गेलो, मित्रांबरोबर, चार दिवसांसाठी. तिथे स्नोबोर्ड भाड्याने मिळतो आणि शिकवणारेही मिळतात. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या आणि हातात दोन काठ्या असतात. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधलेले आणि हात रिकामे. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९६५ साली शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकत्र जोडल्या, त्यातून हा खेळ वाढत गेला. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा आला. पाय बांधलेले असल्यामुळे तोल गेला की पाऊल टाकून सावरता येत नाही, माणूस थेट पडतो. पडताना हात पुढे जातात, म्हणून नवशिक्यांची मनगटं सगळ्यात जास्त मोडतात. माझं मोडलं नाही, पण सुजून पुरीसारखं टम्म फुगलं होतं.

घरी आल्यावर आईने ते मनगट पाहिलं, मग माझ्या मोबाइलमध्ये माझ्या पडण्याचे व्हिडिओ पाहिले. मित्रांनी त्यांना हसण्याचं संगीत लावलं होतं. आई हसली नाही. "पुन्हा त्या फळीवर पाय ठेवायचा नाही," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणालो.

यंदा संक्रांतीचा तिळगूळ खाऊन मी निघालो, ते 'दिल्लीला ऑफिसचं आठ दिवसांचं ट्रेनिंग आहे' असं सांगून. आईने बॅगेत गुळपोळ्या दिल्या आणि दिल्लीत थंडी फार असते म्हणून बाबांचा हातमोज्यांचा जोड कोंबला. दिल्लीच्या विमानतळावर मी श्रीनगरचं विमान पकडलं. त्यातल्या दोन गुळपोळ्या गुलमर्गला आम्ही चहात बुडवून खाल्ल्या. तेव्हा मला काही वाटलं नाही, हेही सांगून टाकतो.

गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. तिथून गोंडोला, म्हणजे दोरावरची पेटी, पहिल्या टप्प्यात कोंगडोरीपर्यंत नेते आणि दुसऱ्या टप्प्यात अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर. दुसरा टप्पा आमच्यासाठी नव्हता, तेवढी अक्कल होती. आम्ही कोंगडोरीच्या उतारावरच होतो. यंदा हेल्मेट होतं, मनगटाला पट्टे होते. चौथ्या दिवशी मला दोन्ही बाजूंना वळता यायला लागलं. ज्याला फळीवर वळता येतं त्याला काय वाटतं ते मला लिहिता येणार नाही. लहानपणी पहिल्यांदा सायकलचा मागचा हात सुटल्याचं कळतं ना, तसं काहीसं.

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास आमचे उस्ताद म्हणाले, "बस, आज इतना काफी." उस्ताद म्हणजे आम्हाला शिकवणारे तंगमर्गचे गृहस्थ, पन्नाशीचे, बोलणं कमी. मी म्हणालो, "लास्ट एक." ही 'शेवटची एक फेरी' काय असते ते मला आता कळतं. पाय थकलेले असतात. दुपारी उन्हाने मऊ झालेला बर्फ सावली पडताच पुन्हा गोठून काचेसारखा होतो. आणि डोक्यात मात्र 'आता येतंय' ही हवा असते.

मी डावा पाय पुढे ठेवून उतरत होतो. वळताना फळीची पुढची धार गोठलेल्या बर्फात अडकली. याला तिथे 'एज पकडणं' म्हणतात. फळी जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. मी पालथा पडलो. डावा हात अंगाखाली गेला आणि मुठीसकट डाव्या बरगड्यांच्या खाली रुतला. श्वास गेला. दहा-पंधरा सेकंद श्वासच येईना. मग आला. मी उठून बसलो, अंगठा वर करून मित्रांना दाखवला, आणि उरलेला उतार बसून घसरत पार केला. डोक्याला काही नाही, मनगटाला काही नाही, रक्त नाही. आम्ही मॅगी खाल्ली, कहवा प्यालो. मी पडलो त्याचा व्हिडिओ कोणी काढला नाही म्हणून मित्रांना वाईट वाटलं.

हॉटेलवर आल्यावर डावा खांदा दुखायला लागला. बसलं की कमी, आडवं झालं की जास्त. मित्राने बाम चोळला. दुसरा म्हणाला, "भिया, मसल पुल है, सुबह तक चंगा." पोट थोडं भरल्यासारखं वाटत होतं, ते मॅगीवर ढकललं. नऊच्या सुमारास मी बाथरूमला जायला उठलो आणि दाराची चौकट धरून उभा राहिलो. डोळ्यांपुढे काळं आलं. जानेवारीत, बाहेर उणे तापमान असताना, मला घाम येत होता. थंड घाम. मित्र म्हणाले थकवा आहे, झोप.

साडेनऊला उस्ताद आले, भाड्याचा बोर्ड परत न्यायला. त्यांनी बोर्डाकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. विचारलं, "क्या हुआ?" मित्राने सांगितलं, खांदा दुखतोय. उस्तादांनी माझा डावा हात वर, खाली, मागे फिरवून पाहिला. तो सगळीकडे फिरला, जास्त दुखला नाही. मग त्यांनी विचारलं, "कंधे पे गिरे थे?"

मी म्हणालो, नाही. पोटावर पडलो होतो.

"तो फिर कंधा क्यूँ दुखता है?"

मंडळी, या एका प्रश्नामुळे मी आज हे लिहितोय. आम्ही तिघं इंजिनियर त्या खोलीत पाच तास बसलो होतो आणि हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. उस्तादांनी माझ्या डाव्या बरगडीखाली दोन बोटं ठेवून हलकंच दाबलं. मी ओरडलो. त्यांनी पुढे एक शब्द न बोलता फोन काढला.

नंतर डॉक्टरांनी मला समजावलं ते असं. पाणथरी डाव्या बाजूला बरगड्यांच्या आड असते, साधारण आपल्या मुठीएवढी. ती रक्त गाळते, म्हाताऱ्या झालेल्या लाल पेशी काढून टाकते आणि काही प्रकारच्या जंतूंशी लढते. तिच्यातून रक्त भरपूर वाहतं आणि ती असते नाजूक. बाहेरून जोरात मार बसला तर ती फाटते, आणि कातडीवर ओरखडाही नसतो. कधी रक्त आधी तिच्याच आवरणाखाली साठत राहतं आणि काही तासांनी आवरण फुटतं. म्हणूनच मी मॅगी खाऊ शकलो. पोटात सांडलेलं रक्त वर छातीखालच्या पडद्याला लागतं. त्या पडद्याची नस आणि खांद्याची संवेदना मानेत एकाच ठिकाणाहून निघतात, म्हणून मेंदूला वाटतं खांदा दुखतोय. उस्तादांना नस वगैरे माहीत नव्हती. त्यांनी काही वर्षांपूर्वी एका परदेशी पोराला असंच खांदा चोळताना पाहिलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

चाकांना साखळ्या बांधलेली एक सुमो आली. गुलमर्ग ते तंगमर्ग उताराचा तेरा किलोमीटरचा घाट, तिथून पुढे श्रीनगर, एकूण पन्नासेक किलोमीटर. रात्री, बर्फावर, त्याला अडीच तास लागले. मला एवढंच आठवतं की उस्ताद पुढच्या सीटवरून दर पाच मिनिटांनी माझं नाव विचारत होते. मी चिडून म्हणालो, "वही है जो पाँच मिनट पहले था." ते म्हणाले, "अच्छा है. बताते रहो."

दवाखान्यात पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं आणि दोन मिनिटांत डॉक्टर म्हणाले, पोटात रक्त आहे. पाणथरी फाटली म्हणजे ती काढावीच लागते असं नाही. रक्तदाब स्थिर असेल तर हल्ली पेशंटला नुसतं डोळ्यांत तेल घालून निरीक्षणाखाली ठेवतात, आणि बऱ्याच जणांची ती आपोआप भरून येते. माझा रक्तदाब खाली चालला होता. थांबायला वेळ नव्हता. त्यांनी कागद पुढे केला, मी सही केली. माझी सही मला ओळखू आली नाही.

मग डॉक्टर म्हणाले, "घर पे बात कर लो. दो मिनट."

रात्रीचा दीड. आईने दुसऱ्या रिंगला उचलला. मी म्हणालो, "आई, मी दिल्लीत नाहीये. श्रीनगरला आहे. पडलो. ऑपरेशन करताहेत." पलीकडे दोन क्षण काहीच नाही. मग आईचा अगदी साधा आवाज, गॅस बंद केलास का असं विचारताना असतो तसा: "ब्लड ग्रुप सांगितलास त्यांना? ओ पॉझिटिव्ह. आणि सल्फाच्या गोळीची तुला ॲलर्जी आहे, लहानपणी अंगावर गांधी आल्या होत्या. ते सांग." मी सांगितलं नव्हतं. मला आठवतच नव्हतं. ते मी सांगितलं, आणि मला आत नेलं.

त्या रात्री मला चार बाटल्या रक्त चढवलं. बदल्यात रक्तपेढीला रक्त दिलं माझ्या दोन मित्रांनी, उस्तादांनी आणि त्या सुमोच्या ड्रायव्हरने. त्या ड्रायव्हरचा चेहरा मी नीट पाहिलेलाही नाही.

आई-बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. इंदूर ते दिल्ली, दिल्ली ते श्रीनगर. बाबा अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरवर आले होते. त्यांचे हातमोजे माझ्या बॅगेत होते. शेजारच्या पेशंटच्या बायकोने आईला स्वतःचा फेरन दिला आणि बाबांच्या हातात निखाऱ्यांची कांगडी. नऊ दिवस मी दवाखान्यात होतो. आई त्या फेरनमध्ये माझ्या पलंगाशी बसलेली असायची. कोणी आलं की व्यवस्थित बोलायची, डॉक्टरांना प्रश्न विचारायची, वहीत औषधांच्या वेळा लिहायची. मला रागावली नाही. मला वाटलं, सुटलो.

इंदूरला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी, मी अंगणात खुर्चीत बसलो होतो, ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पडलास त्याचं काही नाही. पोरं पडतात. पण चार दिवस मी रोज दिल्लीचं तापमान बघत होते. बातम्यांत दिल्लीचं धुकं दाखवलं की मला तुझी काळजी वाटायची. काळजी करायलासुद्धा तू मला चुकीचं गाव दिलंस."

पोटावर टाके असताना रडता येत नाही, फार दुखतं. एवढंच सांगतो.

पडून राहण्याचे दिवस फार लांबले. दीड महिना जड उचलायचं नाही, खोकताना पोटाशी उशी धरायची. रिकाम्या वेळात मी माझ्यासारखे कोण कोण आहेत ते शोधलं. कॅनडाचा मार्क मॅकमॉरिस हा जगातला मोठा स्नोबोर्डर. गंमत म्हणजे तो सस्कॅचवान प्रांतातला, जिथे जमीन आपल्या माळव्याहून सपाट. मार्च २०१७ मध्ये व्हिसलरजवळच्या जंगलात तो झाडावर आदळला. जबडा, हात, बरगड्या, कमरेचं हाड मोडलं, फुप्फुस मिटलं, आणि पाणथरीही फाटली. त्यानंतर अकरा महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २०१८ मध्ये, त्याने प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. हे वाचून मी मित्रांना संदेश पाठवला: 'पुढच्या जानेवारीत गुलमर्ग!'

दुसरं नाव केविन पीअर्स. हा अमेरिकन मुलगा २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकची तयारी करत होता. ३१ डिसेंबर २००९ रोजी युटातल्या पार्क सिटीमध्ये सराव करताना तो डोक्यावर आपटला. हेल्मेट होतं, त्यामुळे जीव वाचला, पण मेंदूला जबर इजा झाली. चालणं, नीट बघणं, आठवणं सगळं पुन्हा शिकावं लागलं. त्याच्यावर लूसी वॉकर यांनी 'द क्रॅश रील' हा माहितीपट २०१३ मध्ये केला. तो मी लॅपटॉपवर पाहत होतो, आई शेजारी येऊन बसली. त्यात एक प्रसंग आहे. जेवणाचं टेबल, सगळं घर बसलेलं, आणि केविन म्हणतोय मला परत खेळायचंय. आई-वडील, भाऊ, एकेक जण त्याला सांगतोय की आम्हाला हे पुन्हा झेपणार नाही. आई खालच्या इंग्रजी ओळी वाचत होती. मध्येच म्हणाली, "यांच्याकडेही जेवतानाच भांडणं होतात का?" पण मग शेवटपर्यंत हलली नाही.

केविन दोन वर्षांनी बर्फावर परत गेला, पण फक्त आनंदासाठी. स्पर्धा त्याने सोडल्या. भावाबरोबर त्याने मेंदूला इजा झालेल्यांसाठी 'लव्ह युअर ब्रेन' ही संस्था काढली. मॅकमॉरिसची गोष्ट वाचून मला अंगात जोर आल्यासारखं वाटलं होतं. केविनची पाहून झाल्यावर मी तो मित्रांना पाठवलेला संदेश पुन्हा वाचला. तो लिहिताना मी कोणालाच विचारलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. पहिल्या वेळेसारखंच.

पाणथरीशिवाय माणूस जगतो, चांगला जगतो. पण काही नियम आयुष्यभराचे असतात. ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी मला न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या जंतूंच्या लसी दिल्या, कारण अशा जंतूंशी लढणारा मोठा शिपाईच गेला. दरवर्षी फ्लूची लस घ्यायची. पाकिटात एक कार्ड ठेवायचं, 'या व्यक्तीला प्लीहा नाही'. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताप आला तर घरी गोळी घेऊन झोपायचं नाही, ताबडतोब दवाखाना गाठायचा. अशा माणसात जंतू काही तासांत रक्तभर पसरू शकतात.

मार्चमध्ये याची परीक्षा झाली. रात्री अकराला अंग कसकसलं. थर्मामीटर १००.८. माझा पहिला विचार काय होता सांगू? सकाळपर्यंत बघू, उगाच सगळ्यांना कशाला उठवायचं. तोच विचार, तोच 'मसल पुल'. पलंगावर पाच मिनिटं बसलो. मग आई-बाबांच्या खोलीचं दार वाजवलं. आईने काही विचारलं नाही, पर्स आणि फाइल उचलली. ती फाइल दाराजवळच्या खुंटीला पिशवीत टांगलेली होती, हे मला तेव्हाच कळलं. दवाखान्यात रक्त तपासलं, लगेच अँटिबायोटिक सुरू केलं. दोन दिवसांनी कळलं की साधा व्हायरल होता. परतताना बाबा म्हणाले, "साधा निघाला." आई म्हणाली, "उठवलंस ते बरं केलंस." माझ्या दृष्टीने त्या रात्री आमचं ते दिल्लीचं प्रकरण थोडं मिटलं.

आता तुमच्यासाठी, म्हणजे माझ्याच वयाच्या वाचकांसाठी काही गोष्टी. बर्फ प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, पण स्कूटरचं हँडल सगळ्यांच्या वाट्याला येतं. आपल्याकडे पोटाला असा मुका मार बसतो तो मुख्यतः रस्त्यावरच. म्हणून हे बर्फाचं म्हणून सोडून देऊ नका.

एक, पोटाला किंवा डाव्या बरगड्यांना मार बसला आणि नंतर खांद्यावर न पडताही डावा खांदा दुखायला लागला, चक्कर आली, थंड घाम आला, तर बाम लावू नका. दवाखान्यात जा आणि 'पोटावर पडलो होतो' हे स्वतःहून सांगा.

दोन, हेल्मेट घालाच. पण ते डोकं वाचवतं, पोट नाही. हेल्मेट शाबूत आहे म्हणून आपणही शाबूत आहोत असं समजू नका.

तीन, साहसी खेळाला जाताना विम्याचे कागद वाचा. माझ्या पॉलिसीत असे खेळ वगळलेले होते, हे मला बिल हातात आल्यावर कळलं. बाबांची एक मुदत ठेव त्यात गेली. ती मी दर महिन्याला फेडतोय.

चार, स्वतःचा रक्तगट आणि ॲलर्जी मोबाइलच्या आपत्कालीन माहितीत भरून ठेवा, कुलूप न उघडता दिसेल अशी. रात्री दीडला प्रत्येकाची आई दुसऱ्या रिंगला फोन उचलेलच असं नाही.

पाच, कुठे चाललात ते घरच्या एका तरी माणसाला खरं सांगा. परवानगीसाठी नाही म्हणत मी, पत्ता म्हणून.

पुढे काय, असं सगळे विचारतात. उन्हाळ्यात आम्ही तिघं, मी, आई आणि बाबा, गुलमर्गला जाणार आहोत. बर्फ नसेल, कुरणं असतील. उस्तादांना भेटायचंय, आणि तो फेरन श्रीनगरच्या बाईंना परत द्यायचाय. आईने तो ड्रायक्लीन करून घडी घालून ठेवलाय, बरोबर द्यायला छप्पन दुकानचा फराळ की सराफ्यातून काही घ्यायचं, यावर घरात वाद चालू आहे.

फळीचं म्हणाल, तर अजून ठरलेलं नाही. डॉक्टरांनी नाही म्हटलेलं नाही, वर्षभर थांबायला सांगितलंय. परवा पोहे खाताना मी हळूच विषय काढला. वाटलं होतं आई नाही म्हणेल, मग मी वाद घालेन. ती म्हणाली, "तुझं तू ठरव. जायचं तर सांगून जा." जिलबीचा तुकडा माझ्या ताटलीत टाकला आणि उठून गेली. तिने नाही म्हटलं असतं तर फार सोपं झालं असतं. आता मला खरंच विचार करावा लागतोय.

पुढच्या अंकात नेहमीसारखं कुठेतरी जवळपास फिरून येऊ. जागा कोणती, ते घरी आधीच सांगून ठेवलंय.